विचारी यंत्र आणि भाषा

इ. स. १६३७ मध्यें फ्रेंच तत्त्ववेत्ता रेने देकार्त यानें आपल्या पद्धतिविषयक ग्रंथांत एक विलक्षण प्रश्न उपस्थित केला. हुबेहूब माणसासारखें दिसणारें यंत्र कोणी घडविलें, तर तें माणूस नव्हे हें ओळखावें कसें? त्या काळीं युरोपांतील राजवाड्यांच्या उद्यानांत पाण्याच्या दाबानें हालणाऱ्या पुतळ्यांची मोठी हौस होती. तेव्हां प्रश्न अगदींच हवेंतला नव्हता. देकार्तनें दोन खुणा सांगितल्या, आणि त्यांतील पहिली भाषेची होती. एका ठिकाणीं स्पर्श केला असतां 'काय हवें?' असें विचारणारें, दुसऱ्या ठिकाणीं दाबलें असतां कळवळून ओरडणारें यंत्र करतां येईल. परंतु समोरचा जें जें बोलेल त्याच्या अर्थाला धरून निरनिराळीं उत्तरें जुळविणें त्याला साधावयाचें नाहीं, आणि तें तर मंदांतल्या मंद माणसालाहि साधतें, असें त्याचें म्हणणें होतें.

दुसरी खूण याहून खोल होती. यंत्र एखादें काम माणसाहूनहि सफाईनें करील, पण दुसऱ्या कामांत हटकून अडखळेल. कारण त्याचा प्रत्येक अवयव एकेका कामापुरता बसविलेला असतो, आणि माणसाची बुद्धि मात्र सर्व प्रसंगीं चालणारें साधन आहे. आज जिला 'सर्वांगीण कृत्रिम बुद्धि' म्हणतात, आणि जिच्यासाठीं अमेरिकेंतील व चीनमधील मोठमोठ्या कंपन्या पाण्यासारखा पैसा ओतीत आहेत, ती म्हणजे देकार्तच्या या दुसऱ्या खुणेलाच दिलेलें आव्हान होय. नुसतें बुद्धिबळ खेळणारें किंवा नुसत्या बेरजा करणारें नव्हे, तर माणसाला शिकतां येईल तें कोणतेंहि काम शिकूं शकणारें यंत्र, असा त्या शब्दांचा अर्थ. तें साधलें आहे असें सर्वमान्य झालेलें नाहीं. परंतु त्या शोधाचा इतिहास पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. भाषेला या मंडपांत प्रथम बोलावलें तें परीक्षक म्हणून. यंत्र विचार करतें कीं नाहीं हें तिनें सांगावें, एवढेंच तिचें काम. पुढें तीच गुरु होऊन बसली.

देकार्तनंतरच्या पिढींतील जर्मन पंडित लायब्निट्झ याला बोलीभाषेविषयीं फारसा भरंवसा नव्हता. १६६६ मध्यें, अवघ्या विशींत, त्यानें लिहिलेल्या पुस्तकापासून त्याला एक ध्यास लागला होता. मानवी विचारांचीं मुळाक्षरें शोधून काढावीं, प्रत्येक मूळ कल्पनेला एक चिन्ह द्यावें, आणि मग भांडत न बसतां पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करावा व कोण खरा तें ठरवावें! नेहमींची भाषा ओबडधोबड, संदिग्ध. विचारासाठीं स्वच्छ भाषा नवीनच घडविली पाहिजे, हा त्याचा आग्रह पुढील तीनशें वर्षें या क्षेत्रांत वारंवार डोकें वर काढतांना दिसतो.

असल्या खटाटोपांची टर जोनाथन स्विफ्टनें १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' मध्यें उडविली आहे. लगाडो येथील विद्यापीठांत एक प्राध्यापक वीस फुटी चौकट उभारतो. तींत लांकडी ठोकळे, ठोकळ्यांवर चिकटविलेले कागद, आणि कागदांवर त्या देशाच्या भाषेंतील सारे शब्द सर्व रूपांसह लिहिलेले. चाळीस शिष्य कडेच्या लोखंडी मुठी फिरवितात, शब्दांचा क्रम बदलतो, छत्तीस जण ओळी वाचतात, आणि अर्थ लागेल असे तीन-चार शब्द सांपडले कीं उरलेले चौघे ते टिपून घेतात. ग्रंथांत नामें, क्रियापदें, अव्ययें यांचें परस्पर प्रमाण किती असतें याचाहि त्या प्राध्यापकानें काटेकोर हिशेब केलेला आहे. या यंत्रानें अडाण्यालाहि तत्त्वज्ञान, काव्य, राजकारण यांवर ग्रंथ लिहितां येतील, असा त्याचा दावा! स्विफ्टनें हें लोकांनीं हंसावें म्हणून लिहिलें. गंमत अशी कीं, लायब्निट्झच्या स्वच्छ भाषेपेक्षां लगाडोची ती खडखडणारी चौकटच अखेर खऱ्या घटनेच्या अधिक जवळ निघाली.

असा हिशेब गंभीरपणें मांडला तो आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञानें. १९१३ च्या जानेवारींत सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञानपरिषदेपुढें त्यानें एक निबंध वाचला. पुश्किनच्या 'येव्हगेनी ओनेगिन' या पद्यकादंबरींतील २०,००० अक्षरें घेऊन त्यानें त्यांतील स्वर व व्यंजनें हातानें मोजलीं होतीं. स्वर भरले ८,६३८ आणि व्यंजनें ११,३६२. पण खरी गोष्ट पुढेंच आहे. एका स्वरानंतर पुन्हां स्वर येण्याचें प्रमाण शंभरांत सुमारें १३, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचें सुमारें ६६ आढळलें. म्हणजे मागचें अक्षर ठाऊक असलें तर पुढच्याविषयीं पुष्कळ कांहीं सांगतां येतें. काव्य, अर्थ, कवीचें हृदय यांतील कशाचीहि दखल न घेतां भाषेची वीण मोजतां येते, हें त्यानें दाखविलें.

हाच धागा अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत क्लॉड शॅनन यानें उचलला. तारेवरून संदेश धाडतांना त्यांतील किती भाग अनावश्यक असतो हें त्याला मोजावयाचें होतें. १९४८ मध्यें त्याचा सुप्रसिद्ध निबंध निघाला आणि १९५१ मध्यें त्यानें एका सोप्या खेळाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मजकूर झांकून ठेवावयाचा आणि समोरच्या माणसानें एकेक अक्षर ओळखीत पुढें जावयाचें. शब्दांमधील मोकळी जागा हेंहि एक अक्षरच धरून, एका प्रयोगांत १२९ पैकीं ८९ अक्षरें पहिल्याच तर्काला बरोबर आलीं. भाषा जाणणाऱ्या माणसाला पुढचें अक्षर बहुधा आधींच ठाऊक असतें!

श्रोत्यांनीं हा खेळ मनांतल्या मनांत शब्दांनीं खेळून पाहावा. 'मृगाचा पाऊस पडला आणि शेतकरी...' येथवर ऐकलें कीं 'पेरणीला लागले' हे शब्द आपोआप ओठांवर येतात. परंतु त्यासाठीं नुसतें व्याकरण पुरत नाहीं; मृग केव्हां लागतो आणि पेरणी कशासाठीं थांबलेली असते हें ठाऊक असावें लागतें. 'साठ रुपये डझनाचीं दोन डझन केळीं घेतलीं, त्याचे...' यापुढचा शब्द सांगण्यास गणित यावें लागतें. 'धाकट्या जावेनें डबा उघडून पाहिला, आणि कांहीं न बोलतां ती...' यापुढचा शब्द सांगण्यास तर घरांतलीं माणसें ओळखतां आलीं पाहिजेत. पुढचा शब्द ओळखणें हें काम दिसावयास पोरकट. पण ज्याला तें कोठल्याहि वाक्यांत अचूक करावयाचें आहे त्याच्यावर सारें जग शिकण्याची पाळी येते. या मेखेचा पुरता उपयोग व्हावयाला आणखी साठ-सत्तर वर्षें जावीं लागलीं.

याच सुमारास इंग्लंडांत अॅलन ट्यूरिंग देकार्तच्या प्रश्नाकडे वळला. ट्यूरिंगचे वडील मद्रास इलाख्यांत सनदी अधिकारी होते आणि मुलगा इंग्लंडांत वाढत होता. आईबापांचा सहवास पत्रांतूनच अधिक. १९५० मध्यें 'माइंड' या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकांत त्यानें जी कसोटी सुचविली तींतहि समोरासमोर भेट नाहीं, केवळ टंकलिखित प्रश्नोत्तरें आहेत. एका बाजूस माणूस, दुसऱ्या बाजूस यंत्र, आणि परीक्षकानें लेखी उत्तरांवरून कोण कोणतें तें ओळखावयाचें. सुमारें पन्नास वर्षांत यंत्रें अशीं होतील कीं, पांच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला शंभरांत सत्तराहून अधिक वेळां बरोबर ओळखतां येणार नाहीं, असें भाकीत त्यानें केलें.

ट्यूरिंगची कसोटी सर्वतोमुखीं झाली. त्याच लेखाच्या शेवटीं आलेल्या शिक्षणविचाराकडे मात्र लोकांचें दुर्लक्ष झालें. प्रौढ माणसाची बुद्धि यंत्रांत घालूं पाहण्याऐवजीं मुलाची बुद्धि घालावी आणि मग त्याला शिकवावें, असें त्यानें सुचविलें. मुलाचा मेंदू त्याला दुकानांतून आणलेल्या कोऱ्या वहीसारखा वाटला. (वर्गापुढें चार दिवस उभें राहिलेल्या कोणालाहि ती वही इतकी कोरी वाटणार नाहीं!) वस्तु दाखवाव्या, त्यांचीं नांवें सांगावीं, जसें मुलाला शिकवितात तसें. डोळे, पाय नसले तरी बिघडत नाहीं, गुरुशिष्यांत दोन्ही बाजूंनीं संदेश जाण्याची सोय असली म्हणजे झालें, असें म्हणून त्यानें आंधळ्या व बहिऱ्या हेलन केलरचें उदाहरण दिलें. १९४८ च्या एका अहवालांत मात्र त्याचें मत अधिक सावध होतें. यंत्रानें शिकावयाच्या विषयांत भाषा हा सर्वांत मानवी विषय खरा, पण तो ज्ञानेंद्रियांवर आणि हिंडण्याफिरण्यावर फारच अवलंबून दिसतो, असें त्यानें तेथें नमूद केलें होतें. या दोन मतांमधील तेढ आजहि मिटलेली नाहीं.

पुढील वीस वर्षांत कोऱ्या वहीची वाट फारशी कोणी पाहिली नाहीं. बहुतेक जण तयार नियम यंत्राच्या घशांत घालूं लागले. ७ जानेवारी १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें आय. बी. एम. कंपनीच्या कचेरींत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या साहाय्यानें एक प्रात्यक्षिक झालें. गणकयंत्रानें साठांहून अधिक रशियन वाक्यें इंग्रजींत उतरविलीं. भांडवल होतें २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम. शीतयुद्धाचे दिवस, रशियन शास्त्रज्ञ काय लिहितात हें जाणण्याची अमेरिकेला घाई होती. पांच वर्षांत, कदाचित् तीनच वर्षांत, प्रश्न सुटेल अशी ग्वाही देण्यांत आली आणि सरकारी पैसा वाहूं लागला.

या उत्साहावर पाणी ओतलें तें याच विषयांत पूर्वीं उमेदीनें शिरलेल्या येहोशुआ बार-हिलेल यानें. १९६० मध्यें त्यानें एक साधें इंग्रजी वाक्य पुढें ठेवलें. छोटा जॉन आपली खेळण्यांची पेटी शोधीत होता. ती त्याला सांपडली. पेटी 'पेन' मध्यें होती. इंग्रजींत 'पेन' म्हणजे लेखणी आणि 'पेन' म्हणजे तान्ह्या मुलाला खेळावयास ठेवण्याचें कठड्याचें कुंपण. लेखणींत पेटी मावत नाहीं हें यंत्राला सांगणार कोण? मराठींत तर हा घोळ पानापानांवर आहे. आजोबांनीं पान उलटलें, आजोबांनीं पान लावलें, आजोबांचें पान वाढलें, या तीन वाक्यांत पोथी, विडा आणि जेवणाचें ताट आहे, आणि शब्द एकच. बार-हिलेलचें म्हणणें असें कीं, येथें शब्दकोश उपयोगी नाहीं, जगाचें ज्ञान हवें. आणि तें सारें यंत्रांत भरावयाचें ही कल्पनाच असंभाव्य. १९६६ मध्यें अमेरिकेंत नेमलेल्या तज्ज्ञ-समितीनेंहि यंत्रभाषांतराविषयीं प्रतिकूल अहवाल दिला आणि पैशाचा ओघ आटला.

त्याच १९६६ सालीं परीक्षक म्हणून भाषेचीहि अब्रू गेली. मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेंतील जोसेफ वायझेनबाउम यानें 'एलायझा' नांवाची एक कार्यपद्धति यंत्राला लिहून दिली. तिच्या एका अवतारांत यंत्र मानसोपचारतज्ज्ञाचें सोंग घेई. 'मला आईचा राग येतो' असें लिहिलें कीं 'तुमच्या घरांतील इतरांविषयीं सांगा' असें कांहींतरी उत्तर येई. यंत्राला आई ठाऊक नव्हती कीं राग. आलेल्या वाक्यांतील एखादा शब्द हेरून तें ठराविक सांचा पुढें करीत होतें. तरीहि लोक त्याच्यापुढें मन मोकळें करूं लागले. वायझेनबाउमच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनीं यंत्राशीं बोलतां बोलतां 'आपण जरा बाहेर जाल का?' असें त्यालाच सांगितलें. तो इतका हादरला कीं, १९७६ मध्यें त्यानें या विद्येच्या मर्यादांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. खरें पाहतां यांत यंत्राच्या हुशारीपेक्षां माणसाच्या स्वभावाची परीक्षा झाली. वाक्य नीट लागलें कीं त्यामागें मन असलेंच पाहिजे, असें गृहीत धरण्याची संवय आपल्याला जन्मापासून लागलेली असते.

टेरी विनोग्रॅड यानें १९७० च्या सुमारास त्याच संस्थेंत याच्या नेमका उलट मार्ग धरला. त्याच्या यंत्राचें जग म्हणजे पडद्यावर काढलेलें एक मेज आणि त्यावरील रंगीत ठोकळे. 'लाल ठोकळा उचल' म्हटलें कीं यंत्र तो उचली, आणि 'कां उचललास?' म्हटलें तर कारणहि सांगे. येथें शब्दामागें वस्तु होती. पण मेजाबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती; पुढें स्वतः विनोग्रॅडनेंच या मार्गावरील विश्वास सोडला. १९८४ पासून डग्लस लेनट यानें टेक्सासमध्यें व्यवहारज्ञानाचीं लक्षावधि विधानें तर्काच्या चिन्हभाषेंत एकेक करून लिहवून घेण्याचा उद्योग आरंभला. तो दशकानुदशकें चालला. लायब्निट्झला त्याचें कौतुक वाटलें असतें. पण समुद्र ओंजळीनें उपसण्याचाच तो प्रकार होता.

या संदर्भांत आपल्याकडे नेहमीं ऐकूं येणाऱ्या एका गोष्टीचा उलगडा केलेला बरा. 'नासा'नें संस्कृत ही संगणकाला सर्वोत्तम भाषा ठरविली, असें घरोघर सांगितलें जातें. मूळ गोष्ट एवढीच कीं, १९८५ मध्यें रिक ब्रिग्ज या, नासाच्या एम्स केंद्रांत काम करणाऱ्या संशोधकानें एका अमेरिकन नियतकालिकांत लेख लिहिला. आपले शास्त्री वाक्याचा अर्थ उलगडतांना क्रिया, कर्ता, कर्म, करण यांचे संबंध ज्या काटेकोर रीतीनें मांडतात, ती रीति यंत्राला ज्ञान पुरविण्याच्या तत्कालीन रीतीशीं जुळते, असें त्याचें प्रतिपादन होतें. निरीक्षण मार्मिक होतें. ठराव कोणाचाच नव्हता. सुमारें ४,००० सूत्रांत पाणिनीनें एक जिवंत भाषा बांधली हा पराक्रम असा आहे कीं, त्याला परक्या शिफारसपत्राची गरज नाहीं. पण आजचीं बोलणारीं यंत्रें अष्टाध्यायीच्या वाटेनें गेलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

तीं गेलीं मार्कोव्हच्या वाटेनें. आय. बी. एम. कंपनींत फ्रेडरिक जेलिनेक आणि त्याचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या काळांत बोलणें ओळखणाऱ्या यंत्रासाठीं व्याकरणाचे नियम बाजूस ठेवून केवळ शब्दांच्या अनुक्रमाची मोजदाद वापरली. पुढें त्याच मंडळींनीं कॅनडाच्या पार्लमेंटचें इंग्रजी व फ्रेंच कामकाज समोरासमोर ठेवून, एकहि नियम न शिकवितां, यंत्राकडून भाषांतर करवून पाहिलें. विद्वानांना हें अडाणीपणाचें वाटलें. पण काम होत होतें. २०१७ मध्यें गूगलच्या आठ संशोधकांनीं 'ट्रान्सफॉर्मर' नांवाची रचना प्रसिद्ध केली. वाक्यांतील प्रत्येक शब्दानें इतर सर्व शब्दांकडे पाहून कोणाकडे किती लक्ष द्यावयाचें तें ठरवावें, अशी तिची ठेवण. 'पान' या शब्दाचा अर्थ 'विडा' कीं 'ताट' हें ठरविण्यास शेजारचें 'लावलें' कीं 'वाढलें' हें पाहावें लागतें; तेंच हें. मग ओपन-एआय या संस्थेनें २०२० मध्यें 'जीपीटी-३' बांधलें. त्यांत १७५ अब्ज समायोज्य संख्या होत्या आणि सुमारें ३०० अब्ज शब्दखंडांवर त्याला एकच धडा गिरवावयास लावलें होतें: पुढचा शब्द ओळख. शॅननचा खेळच तो, फक्त झांकलेला मजकूर आतां इंटरनेटभर पसरलेला होता.

आणि येथें तो चमत्कार दिसला. कोणी भाषांतर शिकविलें नव्हतें, तरी यंत्र भाषांतर करूं लागलें. बेरीज शिकविली नव्हती, तरी कांहीं नमुने दाखविल्यावर दोन अंकी बेरजा अचूक येऊं लागल्या. तीन अंकी बेरजा शंभरांत ८०, आणि पांच अंकी मात्र जेमतेम ९. पाढे घोकून वर्गांत पुढें बसणारा आणि उदाहरण जरा मोठें दिलें कीं बिचकणारा विद्यार्थी ज्यानें पाहिला आहे त्याला हा निकाल ओळखीचा वाटेल. पुढें २०२२ पासून संशोधकांच्या ध्यानांत आलें कीं, यंत्राला उत्तर एकदम न सांगतां रीत पायरीपायरीनें शब्दांत मांडावयास लावली तर तें कितीतरी कमी चुकतें. कच्च्या वहींत रीत मांडल्याशिवाय उत्तर लिहूं नये, हा शाळेंतला जुनाच नियम! २०२४ मध्यें गूगल-डीपमाइंडच्या यंत्रांनीं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर रौप्यपदकाइतके, ४२ पैकीं २८ गुण मिळविले. त्यासाठीं प्रश्न आधीं तर्काच्या चिन्हभाषेंत उतरवून द्यावे लागले होते. २०२५ मध्यें त्याच संस्थेच्या यंत्रानें तेच काम साध्या इंग्रजींत विचार लिहीत केलें आणि सुवर्णपदकाइतके ३५ गुण घेतले. लायब्निट्झनें जिला ओबडधोबड म्हणून बाजूस सारलें होतें त्या नेहमींच्या भाषेनेंच येथपर्यंतची मजल मारली.

मग हें ज्ञान कीं पोपटपंची? अमेरिकेंतील एमिली बेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ मध्यें या यंत्रांना निबंधाच्या मथळ्यांतच पोपटाची उपमा दिली. त्याआधीं १९८० मध्यें जॉन सर्ल या तत्त्वज्ञानें एक खोली कल्पिली होती. आंत बसलेल्या माणसाला चिनी येत नाहीं, पण नियमांच्या पुस्तकावरून तो चिनी प्रश्नांना चिनी उत्तरें बाहेर सरकवितो. बाहेरच्यांना तो चिनी पंडित वाटतो. २०२४ मध्यें 'नेचर' मध्यें एव्हेलिना फेडोरेंको आणि दोन सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, पक्षाघातानें ज्यांची भाषा जवळजवळ नाहींशी झाली असे कित्येक रुग्ण हिशेब करतात, बुद्धिबळ खेळतात. म्हणजे माणसाच्या मेंदूंत तरी भाषा आणि विचार हीं वेगळीं बिऱ्हाडें आहेत. हा आक्षेप सर्वांत वजनदार मानला पाहिजे, कारण तो तत्त्वचर्चेवर नव्हे, निरीक्षणावर उभा आहे.

ट्यूरिंगनें आधार म्हणून घेतलेलें हेलन केलरचें उदाहरणहि येथें उलटें फिरतें. ५ एप्रिल १८८७ रोजीं अलाबामांतील टस्कंबिया येथें शिक्षिका अॅन सलिव्हन हिनें त्या सहा वर्षांच्या मुलीचा एक हात पंपाच्या धारेखालीं धरला आणि दुसऱ्या हातावर 'पाणी' या शब्दाचीं इंग्रजी अक्षरें बोटांनीं काढलीं. त्या क्षणीं अक्षरांचा अर्थ तिला उमगला. तिच्याजवळ पाणी होतें, शब्द नव्हता. यंत्राजवळ पाण्याविषयींचे सारे शब्द आहेत, ओला हात नाहीं. यान लकून यांच्यासारखे संशोधक नेमकें हेंच सांगतात कीं, चार वर्षांचें मूल जागेपणाच्या सुमारें १६,००० तासांत डोळ्यांनींच इतकें जग घेतें कीं, छापील मजकूर त्यापुढें कांहींच नव्हे. तथापि, 'पाणी', 'तहान', 'पूर', 'बादली' हे शब्द कोट्यवधि वाक्यांत एकमेकांशेजारीं जसे बसतात त्या बैठकींतच पाण्याचा बराचसा स्वभाव उतरलेला असतो, हेंहि जीपीटी-३ नंतर नाकारतां येत नाहीं. केवळ पोपटाला ऑलिंपियाडचें गणित सुटत नाहीं. मात्र भाषा हा जगाचा उतारा आहे, आणि उतारा कितीहि चांगला असला तरी नकलाकारानें जें गाळलें तें त्यांत सांपडत नाहीं. सर्वांगीण बुद्धि नुसत्या भाषेनें येईल ही आशा या गाळलेल्या भागापाशीं अडली आहे, आणि म्हणूनच आतां यंत्रांना चित्रें, आवाज, हातपाय हींहि देण्याची धडपड चालली आहे.

ट्यूरिंगच्या कसोटीचा निकाल या सगळ्या धामधुमींत जवळजवळ विसरलाच गेला. २०२५ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील दोघां संशोधकांनीं पांच मिनिटांची ती परीक्षा रीतसर घेतली. माणसाचें सोंग घेण्यास सांगितलेल्या एका यंत्राला परीक्षकांनीं शंभरांत ७३ वेळां माणूस ठरविलें. देकार्तची पहिली खूण ३८८ वर्षांनीं पुसली गेली. पण तेवढ्यावरून यंत्र विचार करतें असें मानावयास फारसें कोणी पुढें आलें नाहीं. एलायझानें तेवढें शहाणपण शिकविलें होतें.

परीक्षकाचा गुरु झाल्याचा एक परिणाम मात्र आपल्या उंबऱ्याशीं येऊन पोंचला आहे. परीक्षकाला कोणतीहि भाषा चालते. गुरूची पोथी ज्या भाषेंत असेल तेंच ज्ञान शिष्याला मिळतें. जीपीटी-३ ला वाचावयास दिलेल्या शब्दांत शंभरांत ९३ शब्द इंग्रजी होते. मराठी ही २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. पण इंटरनेटवरील तिचा लेखी वांटा त्या मानानें नगण्य. शिवाय अनेक यंत्रें शब्दांचे जे तुकडे पाडतात ते इंग्रजीच्या सोयीनें ठरलेले असल्यामुळें देवनागरी शब्दाचे तुकडे अधिक पडतात, आणि तेंच वाक्य मराठींतून वाचावयास यंत्राला अधिक श्रम लागतात. माजघरांतलें, शेतावरचें, बाजारांतलें जें मराठी कधीं छापलेंच गेलें नाहीं, तें तर त्याच्या पोथींत नाहींच.

ही उणीव ओळखून मद्रासच्या आय. आय. टी. मधील 'एआय-फॉर-भारत' या गटानें पुस्तकांऐवजीं माणसांकडे मोर्चा वळविला. २०२४ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या ध्वनिसंग्रहांत देशांतील १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ माणसांचें २२ भाषांतील ७,३४८ तासांचें बोलणें आहे. त्यांत वाचून दाखविलेला भाग शंभरांत अवघा ९. बाकीचें आयत्या वेळचें बोलणें आणि गप्पा. संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांतील १,६३९ तास कागदावर उतरले होते. उरलेल्यांसाठीं कोणीतरी कान देऊन बसावयाचें, अडलेला शब्द पुन्हां पुन्हां ऐकावयाचा आणि बोलणारा जें बोलला तेंच शुद्ध लिहावयाचें होतें.